आवाज न करता रॉक

"हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय त्याचा," मी कुजबुजले. बाळ मांडीवर, त्याच्या मुठीत माझ्या गाऊनची कड. काल 'कातळ' बँडच्या कॉन्सर्टचं तिकीट माझ्याकडेही होतं. पण ऐनवेळी बाळाला ताप आला आणि कॉलेजपासून पहिल्यांदाच माझी 'कातळ'ची कॉन्सर्ट चुकली. म्हणून आज कॉलेजचे दोस्त शाल्मली आणि पुष्कर मला ती सांगायला घरी आले होते.

"अगं, काय तो ड्रमवाला! छातीत धडधडत होतं नुसतं," पुष्कर दबक्या आवाजात ओरडला आणि हवेतच ड्रम बडवू लागला. "आणि शेवटच्या गाण्याला आम्ही सगळे असे..." म्हणत शाल्मली उठली, केस मोकळे सोडून मान गरागरा फिरवू लागली. आवाज मात्र अजिबात नाही. मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

तेवढ्यात सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. घुमणारी शाल्मली पाहून थबकल्या, आत जाऊन हळदीकुंकू घेऊन आल्या, तिला कुंकू लावलं आणि पायाशी बसून हात जोडले. "आई, नातू रात्र-रात्र रडतो. काय चुकलं गं आमचं?"

शाल्मली क्षणभर अडखळली. मग तशीच घुमत, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सुनेला शनिवारी नाशिकला पाठव. तिथं 'कातळ' आहे."

"पाठवते, माउली." सासूबाई उठल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"तुझ्या देवीला विचार, एक तिकीट जास्तीचं मिळेल का? बाळाला आजोबा सांभाळतील."