स्टेशन लागलं

दादानं तार पुन्हा सोडली आणि पावडरच्या रिकाम्या डब्यावर नव्यानं गुंडाळायला घेतली. दिवाळीची सुट्टी संपत आली, तरी त्याचा रेडिओ बोलत नव्हता. पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे त्यानं सगळं केलं होतं. एरियलची तार गच्चीवर ताणली होती, दुसरी नळाला बांधली होती.

"याचं लक्षच नसतं कशात," बाबा म्हणाले. शाळेचीही हीच तक्रार होती. टायफॉइडमधून उठल्यापासून तो हाकेला ओ देत नसे आणि त्यापायी बाबांचा मारही खात असे.

तारा जोडून तो पाणी प्यायला गेला, तेव्हा मी सहज इअरफोन कानाला लावला. एक बाई अगदी स्पष्ट आवाजात बाजारभाव सांगत होती.

"दादा, लागलं रे स्टेशन!" मी नाचतच ओरडले.

मला नाचताना बघून तो धावत आला. त्यानं इअरफोन कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला. मग दोन्ही हातांनी दाबून धरला.

"काय सांगतायत?" त्यानं विचारलं.

"गुळाचा भाव."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला.

मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले. आजारात शिरा गेल्या, जे उरलंय तेही हळूहळू जाईल, म्हणाले. औषध दिलंच नाही.

परतताना एसटीत बाबा दादाचा हात हातात धरून सारखं काहीतरी बोलत होते. दादा खिडकीबाहेर बघत होता.