पुलापुढची धून

वाशीच्या बाजारात विरेशचं बियाण्यांचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर एक गेम खेळायचा. गेम अगदी टाकाऊ होता. घोडा भिंतीत अडकायचा, माणसांना धड चेहरे नव्हते, आणि पुलावर पोचलं की सगळंच बंद पडायचं. पण त्यातलं संगीत असं होतं, की तेवढ्यासाठी विरेश रोज पुलापर्यंत जायचा. तिथं ते ऐन चढत्या सुरावर तुटायचं.

त्या दिवशीही तुटलं. त्यानं कानातले हेडफोन काढले, तर तीच धून दुकानात चालू होती.

शेजारी त्याचे वडील हणमंतप्पा सुपात तूर निवडत गुणगुणत होते. दहा वर्षांपूर्वी तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. तेव्हापासून त्यांनी कधी सूर काढला नव्हता.

गेम बंद पडायचा ती जागा आली आणि मागं पडली. धून पुढं गेली, हळूहळू खाली उतरू लागली. हे सूर विरेशनं कधीच ऐकले नव्हते, तरी ते बरोबर आहेत हे त्याला कळत होतं.

त्यानं वडिलांचा खांदा हलवला आणि ओठ सावकाश हलवत विचारलं, "आप्पा, हे गाणं तुमी कुठं ऐकलं?"

हणमंतप्पांनी त्याच्या ओठांकडं नीट पाहिलं.

"कसलं गाणं? म्या तर मघापासून गपच बसलोय की."

ते बोलत होते, तरी त्यांच्याच आवाजातलं गुणगुणणं चालूच होतं.