शेक

"थंडी काढायची म्हणजे काय काढायचं, गुरुजी? ती दिसत तर न्हाई," शिवम म्हणाला.

"थंडीत घरात जे दिसतं, ते काढा."

शनिवारची सकाळची शाळा. तिसरीची मुलं पटांगणात उन्हाकडे पाठ करून बसली होती. शिवमने पांढरा डोंगर काढला.

"आपल्या हदगावात बर्फ कुठला रे?"

"रसवंतीवर असतो की!"

सगळी हसली. भुजंग गुरुजी हसतच साक्षीच्या कागदाशी वाकले. बाजेवर बाई, तिच्या कुशीत बाळ. खिडकी काळी रंगवलेली.

"खिडकीत आभाळ दाखव की, साक्षी."

"दिसत न्हाई. आज्जीनं गोधडी कोंबली. वर्षाआत्या बाळंत झाली ना परवा, वारं लागतं तिला."

"आणि बाजेखाली ही फुलं?"

"फुलं न्हाईत हो! निखारे हायत, घमेलंभर. आज्जी रातभर शेकून राहिली त्यांना. सकाळी आणखी भरलं."

गुरुजींचं बोट कागदावर थांबलं.

"गाल इतके लाल का केलेस?"

"हायतच लाल. आज्जी म्हणली, शेक मानवला."

"आणि आत्या काय म्हणाली?"

"काल डोकं दुखतंय म्हणत होती. आता निजलीय. हाक मारली तर ओ देत न्हाई."

बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, गाल लालबुंद दिसतात आणि माणूस झोपेतच जातो, हे गुरुजींनी वाचलं होतं. वाचलेलंच, पाहिलेलं नव्हतं. घरोघरी बाळंतिणी शेकतात. त्यांची आईही अशीच शेकलेली. एका पुस्तकावर विसंबून कुणाच्या बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं? आणि चुकलं तर?

त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. बाळाचे गालही तिने लाल केले होते.

"चल," ते म्हणाले. "पळ."

घर शाळेच्या मागेच. साक्षीची आजी, तुळजाबाई, खोलीच्या दाराला पाठ टेकून लसूण सोलत बसल्या होत्या.

"गुरुजी, तुम्ही हिकडं कुठं? पुरुष माणसानं येऊ न्हाई. पाचवी व्हायची हाय अजून."

"दार उघडा, तुळजाबाई."

"हळू बोला की! दोघं गाढ निजलेत. लेकरू तर पहाटेपासनं रडलं बी न्हाई. लई गुणाचं."

दाराच्या फटीत जुनं लुगडं गच्च खोचलेलं होतं. भुजंग गुरुजी आजवर कुणाच्या उंबऱ्याआत न विचारता गेले नव्हते. त्यांनी तुळजाबाईंना हाताला धरून बाजूला केलं आणि चपला न काढता दाराला खांदा लावला.