बिनधारेचा चाकू

शेंद्र्याच्या कारखान्यातील सहकारी करुणाने वडिलांचा घडीचा चाकू माझ्याकडे दुरुस्तीला दिला होता. मी पाते मुठीला धरून ठेवणारा सैल रिव्हेट बदलला, पाते धार लावायच्या खरखरीत ते बारीक दगडांवर क्रमाने घासले आणि तिच्यासमोर कागद अलगद चिरून दाखवला. तिचा चेहरा एकदम उतरला. “सर, धार कशाला लावली? नुसतं पातं घट्ट करा म्हटलं होतं ना!” “बोथट चाकू परत देऊ?” “बाबांचे हात लई थरथरतात. पण पेरू स्वतःच कापणार. म्हणून मीच फरशीवर घासून धार घालवली होती. बोट कापलं तर?” धार पुन्हा घालवायला मी कानस उचलली. पात्याला टेकवताना विचारले, “त्यांना हे कळलं तर?” “कळलंय, सर. मी पाठ फिरवली की पेरू हातानं फोडतात अन् म्हणतात, ‘बघ, कसा कापला!’” कानस हातात तशीच राहिली. हा चाकू नेमका कोणासाठी दुरुस्त करायचा, हेच मला समजेना.