तोंड झाकणारं हेल्मेट

हेल्मेट कानांपर्यंत आलं आणि नेवने ते पुन्हा उपटून काढलं. कपाळावर घाम डबडबला होता. बाहेर लॉन्सेस्टनचा जुलै होता, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा, सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून तो आणि त्याची बायको निघाले होते.

"पुढून उघडं असतं ना, ते दे," तो म्हणाला.

शर्यतीच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या टॅमसिनने काउंटरमागून नकारार्थी मान हलवली. "छपराची गाडी असती तर चाललं असतं. तुमची बिनछपराची. शनिवारी ट्रॅकवर तपासणीतच परत पाठवतील."

इथेच घोडं पेंड खात होतं. त्याची बायको ग्लेनिस हातमोज्यांच्या फळीपाशी उभी राहून सगळं बघत होती. नेवने ती गाडी घेतलीच होती मुळी छप्पर नाही म्हणून. अकरा वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या एका खाणीत छत कोसळलं आणि तो दोन दिवस आत अडकून पडला. बाहेर आला तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण तेव्हापासून लिफ्ट नको, बंद खोली नको, डोक्यातून घालायचा स्वेटर नको. झोपायला तो व्हरांड्यात जायचा, आणि ती झोप तरी कसली, कूस बदलत पहाटेची वाट बघायची.

खाणीतल्या अंधारात त्याने स्वतःला एकच गोष्ट कबूल केली होती. वाचलो तर एकदा गाडी अशी पळवायची की मागे वळून बघायचं नाही. आता मोटर क्लबने शनिवारच्या नवशिक्यांच्या दिवसात त्याला जागा दिली होती, गाडी तयार होती, आणि नियम सांगत होता की डोक्यावर छप्पर नसेल तर तोंड झाका. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

"मोठ्या मापाचं दे मग," नेव म्हणाला. "आत जरा हवा खेळेल."

"हवा खेळेल आणि तुमचं डोकंही खेळेल," टॅमसिन म्हणाली. "गाल दाबले गेले पाहिजेत, नेव. हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. आणि घ्यायच्या आधी अर्धा तास घालून बसायचं. कुठे टोचतं ते तेव्हाच कळतं. पंतप्रधान आले तरी माझ्या दुकानात हाच नियम."

"अर्धा तास," नेव पुटपुटला. न्यायाधीशाने जन्मठेप सुनावावी तसा त्याचा चेहरा झाला.

ग्लेनिस अजून गप्प होती. तिच्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्या गावाला ठाऊक, त्यामुळे ती गप्प म्हणजे नवलच. पण आज ती घाबरली होती. आज हा हरला तर पुन्हा कशालाच हात घालणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिला त्याचे हाल बघवेनात.

"चल, घरी जाऊ," ती म्हणाली. "ट्रॅक काही पळून जात नाही."

नेवने तिच्याकडे पाहिलं. मग तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी पट्टे ताणून धरले आणि डोकं आत घातलं. टॅमसिनने हनुवटीखाली पट्टा आवळला. काच खाली आली.

त्याची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. ग्लेनिसला कळलं. त्याने एकदाच सांगितलं होतं तिला, की अंधाराचं एवढं काही नव्हतं गं, पण माणसाचा शब्द ऐकू येत नव्हता, नुसता माझाच श्वास. त्याचा हात पट्ट्याकडे गेला. पण तिथेच थांबला.

"बोल," हेल्मेटमधून घोगरा आवाज आला.

"काय बोलू?"

"काहीही. फक्त थांबू नकोस."

इतक्या वर्षांच्या संसारात 'जरा गप्प बस' तिने शंभरदा ऐकलं होतं. 'बोल' पहिल्यांदाच ऐकलं. ती स्टूल ओढून शेजारी बसली, त्याचा तो हात तिने आपल्या हातात घेतला आणि सुरू झाली. शेजारच्या डोरीनने नवं कुंपण आमच्या हद्दीत कसं सरकवलं. बोलिंग क्लबात कोण कोणाला पाण्यात पाहतं. बहिणीचा पाव्हलोव्हा केक ख्रिसमसला भुईसपाट झाला, तरी 'तो असाच असतो' म्हणत तिने तो सगळ्यांच्या गळी कसा उतरवला. सुरुवातीला नेवची पकड इतकी घट्ट होती की तिची बोटं कळवळली. पाव्हलोव्हापर्यंत ती सैल झाली. आता हेल्मेट काढणार हा, असं तिला वाटलं, पण त्याने हात उचलला नाही. ती आणखी जोमाने बोलत राहिली. बहिणीचं संपलं, मग बहिणीच्या सुनेचं काढलं.

टॅमसिन दुसऱ्या गिऱ्हाइकाला वाटेला लावून परत आली. तिने घड्याळ पाहिलं.

"अर्धा तास होऊनही गेला," ती म्हणाली. "जिंकलात, नेव. काढा आता."

नेव हलला नाही. टॅमसिनने पुन्हा हाक मारली. मान एका बाजूला कललेली, हात मांडीवर पडलेला. तिचा चेहरा उतरला. "बरं वाटत नाहीये का त्यांना?" म्हणत ती पट्टा सोडायला झेपावली.

ग्लेनिसने तिला आडवा हात घातला. काच जरा वर केली, वाकून आत पाहिलं, कान दिला. मग काच हलकेच होती तशी खाली केली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"हात नको लावूस गं," ती कुजबुजली. "घोरतोय तो."