ढगाखालची धूळ

धाकटीचा अंदाज खरा ठरला, तर थोरलीच्या लाँड्रीचा एका दिवसाचा ड्रायरच्या विजेचा खर्च वाचणार होता. शिवाय हॉटेलच्या चादरी आणि अभ्रे वेळेवर, डागाशिवाय पोचले तर वर्षभराचं काम पदरात. बहीण हवामान खात्यात असल्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा, असं थोरलीचं मत.

सकाळी धाकटी फोनवर म्हणाली होती, "उपग्रहाच्या चित्रात आम्ही धूळ गुलाबी करून बघतो, ताई. आज गुलाबी काही नाही. खुशाल घाल वाळत."

दुपारी ती गच्चीवर आली, तेव्हा चादरी चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या.

"या बाईसाहेब. हे बघा तुमचं 'काही नाही'."

धाकटीने आकाश पाहिलं, चादर पाहिली, पुन्हा आकाश पाहिलं. "वर ढग होता गं. उपग्रह वरून बघतो, त्याला ढगच दिसला. ही धूळ त्याच्या खालून आली."

"मग 'ढगाखालचं माहीत नाही' म्हणायला जीभ झिजली असती?"

"दिसली नाही म्हणजे नाहीच, असं धरून चालले. चुकलंच." एवढं म्हणून ती दोरीखाली वाकलीसुद्धा. "ताई, बघ ना! मैदानाकडच्या पहिल्या दोरीवर दाट, मागच्या दोरीवर जेमतेम. म्हणजे मैदानाकडून आली. ढगाखालचा पुरावा आम्हाला कुठला मिळायला? एक चादर दे ना, न धुता."

"संध्याकाळी गाडी येईल. आधी बाह्या सरसाव."

दोघींनी सगळं पुन्हा धुतलं. ड्रायर गरगरत राहिला. धाकटीचं तोंड हातांपेक्षा जोरात चाललं होतं: कण केवढा असेल, कुठून उठला असेल, उरलेली धूळ रात्री येईल का. थोरली नुसतं हं हं करत होती. मग ती मधेच गच्चीवर जाऊन आली.

संध्याकाळी हॉटेलच्या मॅनेजरने चादरी उलटसुलट करून पाहिल्या. "काम तुमचंच," तो म्हणाला. मग उशांचे अभ्रे मोजले, पुन्हा मोजले. "एक कमी आहे."

"तो माझ्याकडून भरून देईन," थोरली म्हणाली.

धाकटीने वर गच्चीकडे पाहिलं. पहिल्याच दोरीवर एक पांढराशुभ्र अभ्रा दोन चिमट्यांना लटकत होता, रात्रीच्या धुळीची वाट बघत.

वीज थोरलीच्या खिशातून गेली, अभ्राही तिच्याच. विजेबद्दल ती धाकटीला महिनाभर ऐकवणार होती. अभ्र्याबद्दल अवाक्षर नाही.