बेताची दारू

“भरलेली काडतुसं कुठं गेली?” दामोदरने विचारलं.

“भाऊजी घेऊन गेले. भातात डुक्कर शिरलंय,” बायको म्हणाली.

हातातला बंदुकीच्या दारूचा डबा त्याला हिशेबापेक्षा हलका लागत होता. मघाशी तिने चहाला हाक मारली, तेव्हा एका काडतुसात माप दोनदा पडलं असणार.

आजोबांच्या दुनळी बंदुकीला दुकानातलं काडतूस सोसत नसे. नळ्या झिजून पातळ झाल्या होत्या. म्हणून तो रिकामी काडतुसं घरीच, बेताची दारू घालून पुन्हा भरायचा. दुप्पट दारूने नळी भावाच्या तोंडावरच फुटणार होती.

तो धावत बांधावर आला. ओढ्यापलीकडे भाऊ बंदुकीत काडतुसं सारत होता. दामोदर जीव खाऊन ओरडला, पण बार काढून काढून भावाचे कान कधीच गेले होते.

शेवटी त्याने दोन्ही हात वर करून हलवले. भावाने पाहिलं आणि हसून मान डोलावली.

तेव्हा दामोदरच्या लक्षात आलं. रानात डुक्कर उठवताना तो भावाला असेच हात करायचा. जनावर तुझ्याकडे येतंय, तयार राहा.

त्याने हात खाली घेतले, तोवर भावाने बंदूक खांद्याला लावली होती.